नेट कंपनी नणंदेला विचारते, मला नाही. असं का?

सावनी_प्लेन्सबरो

नमस्कार. आम्ही नुकतेच प्लेन्सबरोला, न्यू जर्सीत, नव्या घरात राहायला आलो आणि नेटचं नवीन कनेक्शन घेतलं. कंपनीच्या स्वागताच्या ईमेलमध्ये अगदी तळाशी प्रायव्हसीची लिंक होती. एरवी अशा लिंक मी उघडत नाही. पण सध्या सासूबाई आमच्याकडे आहेत, त्यांचे डॉक्टर, औषधं, रिपोर्ट सगळं ऑनलाइन चालतं, म्हणून उघडून बघितली. आत काही बटणं होती. तुम्ही कोणत्या साइट बघता त्यावरून जाहिराती दाखवू, तुमची माहिती आमच्या भागीदार कंपन्यांना देऊ, अशा अर्थाची. सगळी आधीपासूनच चालू! मी कुठेही हो म्हटलेलं नव्हतं.

माझी नणंद मेन राज्यात पोर्टलंडजवळ राहते. तिच्याकडे याच कंपनीचं नेट आहे. व्हिडिओ कॉलवर तिला तेच पान उघडायला लावलं, तर तिची सगळी बटणं बंद होती. वर लिहिलं होतं की मेनच्या रहिवाशांची माहिती त्यांच्या संमतीशिवाय आम्ही वापरत नाही. कंपनी तीच, देश तोच. मग तिला विचारतात आणि मला का नाही?

दुसरी गोष्ट अशी की सासूबाईंना मधुमेह आहे. दंडावर साखर मोजणारा सेन्सर असतो, तो फोनशी जोडलेला आहे. घर बदलल्यावर काही दिवसांतच टपालाने साखर मोजायच्या यंत्रांची आणि मधुमेहींसाठीच्या बुटांची पत्रकं यायला लागली, तीही आमच्या आडनावाने. ही माहिती नेट कंपनीने विकली असेल का? आणि हे कायद्याला चालतं? व्हीपीएन, म्हणजे आपली सगळी नेटची ये-जा कुलूपबंद करून दुसऱ्या कंपनीमार्फत पाठवणारी सेवा, घेऊन उपयोग होईल का? घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा आजार कुणीतरी बाजारात मांडतंय, या विचाराने फार संताप होतो.

पराग_डॅलस

सावनी, त्रास समजतो, पण नेट कंपनीवरच एवढं लक्ष का? गूगल, फेसबुक, ॲमेझॉन यांच्याकडे आपली कुंडली आधीच आहे. २०१७ साली काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, नेट कंपन्यांवरचे प्रायव्हसीचे नियम रद्द केले तेव्हा खूप ओरड झाली, पण मला तो निर्णय तेव्हाही पटला होता. जाहिरातींचा बाजार एकच आहे. त्यात गूगलला सैल नियम आणि केबल कंपनीला कडक, हा न्याय कुठला? हे काम फेडरल ट्रेड कमिशनचं, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेचं आहे, त्यांनी सगळ्यांना एकच मोजमाप लावावं. शिवाय आता जवळजवळ सगळ्या साइट एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवतात. तारेतून काय जातंय ते नेट कंपनीला वाचताच येत नाही.

बटणं बंद करा आणि निवांत राहा, एवढंच मी सांगेन.

अभय_ल्युइस्टन

सावनी, मी मेनमध्येच राहतो. इथल्या एका लहान नेट कंपनीत बरीच वर्षं नेटवर्कचं काम बघतो. तुमच्या मोडेममधून निघालेली तार जिथे येऊन पोचते, त्या बाजूला माझी खुर्ची आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

तुम्ही जे पाहिलंत ते बरोबर आहे आणि त्याचं कारण सरळ आहे. मेनमध्ये राज्याचा स्वतंत्र कायदा आहे, जो फक्त नेट पुरवणाऱ्या कंपन्यांना लागू होतो. न्यू जर्सीत तसा नाही. हा फरक पडला २०१७ मुळे, ज्याचा परागने उल्लेख केला.

ऑक्टोबर २०१६ मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे फोन, केबल, नेट यांवर देखरेख करणाऱ्या एफसीसीने, टॉम व्हीलर अध्यक्ष असताना ३ विरुद्ध २ मतांनी नियम केले. संवेदनशील माहिती वापरायची किंवा विकायची असेल तर ग्राहकाचा स्पष्ट होकार आधी घ्यायचा. यादीत आजार, पैशाचे व्यवहार, मुलांची माहिती, माणूस नेमका कुठे आहे ते ठिकाण, सोशल सिक्युरिटी नंबर हे तर होतंच, पण कोणत्या साइट बघितल्या आणि कोणती ॲप वापरली हेही होतं. आमच्या कामात हीच ओळ सर्वांत महत्त्वाची. ईमेल पत्त्यासारख्या साध्या माहितीला नंतर नकार देण्याची सोय पुरेशी मानली होती.

होकाराची ही अट प्रत्यक्षात कधी लागूच झाली नाही. सरकार बदललं, अजित पै एफसीसीचे अध्यक्ष झाले आणि मार्च २०१७ च्या पहिल्याच दिवशी त्यातला माहितीच्या सुरक्षेचा भाग थांबवला गेला. मग ॲरिझोनाचे सिनेटर जेफ फ्लेक यांचा ठराव आला. २३ मार्चला सिनेटमध्ये ५० विरुद्ध ४८, २८ मार्चला हाउसमध्ये, म्हणजे प्रतिनिधीगृहात, २१५ विरुद्ध २०५. पंधरा रिपब्लिकन सदस्यांनीही विरोधात मत दिलं, तरी ठराव निघाला. ३ एप्रिलला ट्रम्प यांची सही झाली.

वर्तमानपत्रांत मतांचे आकडे आले, पण खरा घाव ज्या रीतीने नियम रद्द केला त्यात आहे. १९९६ चा काँग्रेशनल रिव्ह्यू ॲक्ट वापरला. त्यानुसार एकदा रद्द झालेल्या नियमासारखाच नियम ती संस्था पुन्हा करू शकत नाही, काँग्रेसने नव्या कायद्याने परवानगी दिल्याशिवाय. साधा फेरविचार करून एफसीसीने नियम मागे घेतला असता तर पुढच्या अध्यक्षाला तो परत आणता आला असता. तो रस्ताच बंद केला.

पराग, तुझा समान न्यायाचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो. दोघांना एकच मोजमाप हवं हे मलाही मान्य आहे. मग गूगललाही आधी विचारायला लावायचं होतं. काँग्रेसने दोघांनाही न विचारण्याची मोकळीक दिली आणि त्याला समानता म्हटलं. तरीही दोघांत फरक उरतोच. गूगल नको असेल तर दुसरं सर्च इंजिन लगेच उघडता येतं. माझ्या भागातल्या कित्येक घरांना वेगवान नेट देणारी कंपनी एकच आहे. ती सोडायची तर नेटच सोडायचं. आणि तिला आपण दरमहा रोख पैसे मोजतो. सेवा फुकट आहे म्हणून माहिती घेतो, हे कारणही तिच्याकडे नाही.

आता तारेतून काय दिसतं ते. एचटीटीपीएसमुळे पानावरचा मजकूर आम्हाला वाचता येत नाही हे खरं. पण साइटचं नाव दिसतं. तुमचा फोन एखाद्या साइटचा पत्ता शोधतो तेव्हा तो प्रश्न, काही बदल केला नसेल तर, आमच्याच डीएनएस सर्व्हरकडे, म्हणजे नावावरून साइटचा पत्ता सांगणाऱ्या यंत्राकडे, येतो. त्यानंतर जोडणी सुरू होताना साइटचं नाव बहुतेक वेळा पुन्हा एकदा उघडं जातं. मेयो क्लिनिकची साइट उघडली एवढं कळतं, कोणत्या आजाराचं पान वाचलं ते कळत नाही. पण अनेक साइटच्या बाबतीत नावच पुरेसं असतं. घटस्फोटाच्या वकिलाची साइट. व्यसनमुक्ती केंद्राची. इमिग्रेशन वकिलाची. लग्न जुळवणारी. एखाद्या घरातून आठवडाभर रोज मध्यरात्री यांपैकी कोणतं नाव विचारलं जातंय हे मला बघता येईल. मी बघत नाही, आमची कंपनी अशा नोंदी विकण्यासाठी ठेवत नाही, पण यंत्रात ती क्षमता आहे आणि मोठ्या कंपन्यांत त्यासाठी स्वतंत्र जाहिरात विभाग आहेत.

आणि माणसाने काही उघडलं नाही तरी घरातल्या वस्तू बोलत असतात. टीव्ही, थर्मोस्टॅट, दाराची घंटा, सगळे आपापल्या कंपनीच्या सर्व्हरला सतत निरोप पाठवतात. तुमच्या सासूबाईंच्या सेन्सरचे आकडे फोनमार्फत त्याच्या उत्पादकाकडे जात असतील, तर त्या सर्व्हरचं नाव घरच्या वायफायवरून दर काही मिनिटांनी जातं. आकडा किती आला हे कुणाला दिसत नाही. पण या घरात कुणीतरी मधुमेही आहे, हे समजायला आकड्याची गरज नाही. घर कधी झोपतं, कधी उठतं, डिसेंबरात भारतात गेल्यावर किती दिवस रिकामं असतं, हेही नेटवरच्या वाहतुकीच्या चढउतारावरून कळतं.

मला यात सर्वांत विचित्र वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. याच देशात, तुम्ही कुणाला फोन केला ही नोंद टेलिफोन कंपनीला मनमानीपणे विकता येत नाही, १९९६ पासून तसा कायदा आहे. केबलवर काय बघता यालाही १९८४ चा कायदा संरक्षण देतो. रॉबर्ट बोर्क यांचं सुप्रीम कोर्टासाठी नाव आलं तेव्हा १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाने त्यांच्या घरच्यांनी भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटची यादी छापली. काँग्रेस इतकी हादरली की १९८८ मध्ये फक्त व्हिडिओ भाड्याच्या नोंदींसाठी कायदा झाला. कॅसेटच्या यादीची एवढी काळजी घेतलेल्या त्याच सभागृहांनी तीस वर्षांनी, सगळं आयुष्य ज्या तारेतून जातं तिच्यासाठी केलेले नियम पाडले.

आणि ही भीती हवेतली नव्हती. एटी अँड टीने ऑस्टिनमध्ये २०१३ मध्ये वेगवान फायबर सुरू केलं तेव्हा ७० डॉलरचा दर त्यांच्यासाठी होता जे आपल्या ब्राउझिंगवर पाळत ठेवायला मान्यता देतील. नको असेल तर ९९. महिन्याचे २९ डॉलर ही खाजगीपणाची किंमत झाली. २०१६ मध्ये ती योजना कंपनीने बंद केली. व्हेरायझन मोबाइलवरच्या ग्राहकांच्या वेब वाहतुकीत गुपचूप एक ओळखक्रमांक घुसडत होती, जो ग्राहकाला पुसता येत नव्हता. त्यासाठी मार्च २०१६ मध्ये एफसीसीने साडेतेरा लाख डॉलरचा दंड केला.

२०१७ च्या ठरावानंतर मोठ्या कंपन्यांनी लगेच जाहीर केलं की आम्ही कुणा एका ग्राहकाचा ब्राउझिंगचा इतिहास विकत नाही. शब्द नीट वाचा. तुमच्या नावाची यादी कुणाला देत नसतील. पण 'मधुमेह असलेलं घर', 'नुकतं घर बदललेलं', 'लहान मूल असलेलं' अशा गटांत तुम्हाला टाकून त्या गटापर्यंत जाहिरात पोचवण्याचे पैसे घेता येतात. फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०२१ मध्ये सहा मोठ्या नेट कंपन्यांचा अहवाल काढला, त्यात हेच मांडलं. विकत नाही असं म्हणणाऱ्या काही कंपन्या इतरांना ती माहिती वापरू देत होत्या आणि ते बारीक मजकुरात दडलेलं होतं. काही कंपन्या ग्राहकांना वंश आणि लैंगिक कल यांवरून गटांत टाकत होत्या. पराग, तू ज्या कमिशनवर भरवसा टाकतोस त्यांचाच हा अहवाल आहे.

मेनचा कायदा २०१९ मध्ये झाला. ६ जूनला गव्हर्नर जॅनेट मिल्स यांनी सही केली आणि १ जुलै २०२० पासून तो लागू आहे. वैयक्तिक माहिती वापरायची, विकायची किंवा कुणाला बघू द्यायची तर ग्राहकाचा स्पष्ट होकार हवा. होकार दिला नाही म्हणून सेवा नाकारायची नाही, जास्त दर लावायचा नाही, आणि होकाराबद्दल सवलतही द्यायची नाही. ऑस्टिनचे ते २९ डॉलर इथे चालत नाहीत. लहान कंपन्यांनी याला विरोध केला असेल असं अनेकांना वाटतं. पण बिडफर्डच्या जीडब्ल्यूआयसारख्या स्थानिक कंपनीने उघड पाठिंबा दिला होता. २०१७ मध्येही कॅलिफोर्नियातल्या सॉनिकसह बऱ्याच लहान नेट कंपन्यांनी नियम रद्द करू नका म्हणून काँग्रेसला पत्र लिहिलं होतं. आम्ही नेट देतो, त्याचे पैसे घेतो. त्यावर धंदा चालतो, हे मी रोज बघतो.

मोठ्या कंपन्यांच्या संघटनांनी फेब्रुवारी २०२० मध्ये या कायद्याविरुद्ध दावा ठोकला. म्हणणं असं की ग्राहकाची माहिती वापरण्यावर बंधन म्हणजे आमच्या भाषणस्वातंत्र्यावर घाला. फेडरल न्यायाधीशांनी जुलै २०२० मध्ये कायदा सुरुवातीलाच रद्द करायला नकार दिला आणि २०२२ मध्ये संघटनांनी दावा सोडून दिला. तुमच्या नणंदेच्या पानावरची ती बंद बटणं इतक्या सगळ्यातून टिकलेली आहेत.

आता पत्रकांबद्दल. नेट कंपनीने काही केलं नाही असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, पण मला संशय दुसरीकडे येतो. घर बदलताना पोस्टात पत्ताबदलाचा अर्ज भरला असेल. पोस्ट खातं तो नवा पत्ता परवानाधारक टपाल कंपन्यांना पुरवतं, म्हणजे ज्यांच्याकडे तुमचा जुना पत्ता आधीच आहे त्यांची यादी अद्ययावत होते. सासूबाईंचं नाव कुठल्यातरी यादीत आधीपासून असेल: एखाद्या आरोग्य ॲपवरून, सर्वेक्षणावरून, दुकानाच्या सवलत कार्डावरून. डॉक्टर, इस्पितळ, विमा आणि फार्मसी यांना हिपा, म्हणजे रुग्णाची माहिती जपण्याचा कायदा, बांधतो. ॲपना आणि साइटना तो बहुतेक वेळा लागू होत नाही, नेट कंपनीला तर नाहीच.

सावनी_प्लेन्सबरो

अभय, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. नवऱ्यालाही वाचून दाखवलं. पत्ताबदलाचा अर्ज भरला होता हे खरं आहे. सेन्सरचं वाचून मात्र पोटात गोळा आला. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, माझी साखर कुणाला कळली तर कळू दे, पण मला न विचारता का? मला वाटतं त्यांचं बरोबर आहे.

व्हीपीएनचं राहिलं. आणि न्यू जर्सीत आम्ही अगदीच उघड्यावर आहोत का?

पराग_डॅलस

अभय, सेन्सरचं उदाहरण विचार करायला लावणारं आहे, हे कबूल. पण कायदा अगदीच हात बांधून बसलेला नाही. एप्रिल २०२४ मध्ये एफसीसीने मोबाइल कंपन्यांना मिळून जवळपास २० कोटी डॉलरचा दंड ठोकला, ग्राहकांची ठिकाणं दलालांना विकल्याबद्दल. टी-मोबाइलला ८ कोटी, एटी अँड टीला ५ कोटी ७० लाखांच्या वर. म्हणजे २०१७ नंतरही दात शिल्लक आहेत.

अभय_ल्युइस्टन

पराग, तो दंड मलाही योग्य वाटला. पण तो कशाच्या आधारावर आहे बघ: वर सांगितलेल्या १९९६ च्या टेलिफोन कायद्याच्या. फोन सेवा देताना मिळालेलं ठिकाण, म्हणून तो कायदा लावला. तुझ्या घरच्या ब्राउझिंगला तो तसा लावता येत नाही. आणि तोही डळमळीत आहे. तुझ्याच भागाच्या पाचव्या सर्किट कोर्टाने, म्हणजे फेडरल अपील कोर्टाने, एप्रिल २०२५ मध्ये एटी अँड टीचा दंड रद्द केला, एफसीसीने ज्युरीशिवाय परस्पर दंड केला म्हणून. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनच्या अपील कोर्टांनी मात्र व्हेरायझन आणि टी-मोबाइलचा दंड कायम ठेवला. आणि दंड झाला तोवर ती ठिकाणं विकली गेली होती. जामिनावरून पळालेले आरोपी शोधून आणणाऱ्या खाजगी माणसांपर्यंत ती पोचली होती. नंतर दंड करण्यापेक्षा आधी विचारण्याची सक्ती मला महत्त्वाची का वाटते, त्याचं कारण हे.

सावनी, न्यू जर्सीत तुम्ही उघड्यावर नाही. तिथे १५ जानेवारी २०२५ पासून राज्याचा डेटा प्रायव्हसी कायदा लागू आहे आणि नेट कंपन्याही त्यात येतात. माहितीची विक्री, तुम्हाला हेरून दाखवलेल्या जाहिराती आणि काही प्रकारचं वर्गीकरण, या तिन्हींना नकार देण्याचा हक्क तुम्हाला आहे. कंपनीकडे काय काय साठवलंय ते मागता येतं, पुसायला सांगता येतं. ४५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आजार, नेमकं ठिकाण, पैशाचा तपशील, इमिग्रेशनची स्थिती यांना तिथेही आधी होकार लागतो. मात्र तुम्ही कोणत्या साइट बघता याचं स्वतंत्र नाव त्या यादीत नाही. म्हणून बटणं चालू ठेवून ती बंद करण्याचं काम तुमच्यावर सोडलं आहे. इथेच तुमची आणि नणंदेची वाट वेगळी होते. तुमच्या राज्यात तुम्ही स्वतः दावा करू शकत नाही, तक्रार ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे करावी लागते. पण करा. तक्रारींशिवाय हा कायदा कागदावर राहील.

बटणं बंद करताना त्या पानाचे फोटो काढून ठेवा, तारखेसकट. काही महिन्यांनी परत बघा. मोडेम बदलल्यावर, प्लॅन बदलल्यावर किंवा खातं नव्याने उघडल्यावर निवड पुसली गेल्याचं मी ग्राहकांकडून ऐकलं आहे.

व्हीपीएनने नेट कंपनीला साइटची नावं दिसेनाशी होतात, पण ती सगळी आता व्हीपीएनवाल्याला दिसतात. विश्वास एकाकडून काढून दुसऱ्याकडे ठेवायचा, एवढंच ते आहे. फुकट व्हीपीएन अजिबात घेऊ नका. त्यांचा खर्च कुठून भागतो हा प्रश्न आधी विचारा. पैसे देऊन चांगलं घेतलंत तरी सेन्सरची आणि टीव्हीची वाहतूक त्यातून जायला हवी असेल तर ते राउटरवर बसवावं लागतं. आणि टपालाने येणाऱ्या पत्रकांवर त्याचा काही परिणाम होणार नाही.

त्याऐवजी एक सोपी गोष्ट आधी करा. फायरफॉक्समध्ये डीएनएसचे प्रश्न कुलूपबंद करून दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवायची सोय आहे, अमेरिकेत २०२० पासून ती आपोआप चालू करत गेले. क्रोममध्ये आणि अँड्रॉइड फोनमध्येही सेटिंग आहे. सासूबाईंच्या फोनवर ते आज लावा, कारण सेन्सर त्याच फोनमधून बोलतो. यानेही साइटचं नाव जोडणीच्या सुरुवातीला दिसू शकतं, पण तयार यादी हाती लागत नाही. ब्राउझरमध्ये ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल चालू करा. साइटना ते सांगतं की माझी माहिती विकू नका, आणि न्यू जर्सीत आता हा इशारा पाळणं बंधनकारक आहे. नेट कंपनीला मात्र तो पोचत नाही, तिथे बटणच दाबावं लागतं.

प्राची_कोथरूड

मी पुण्याहून वाचतेय. आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर १८ महिने दिलेत. त्यामुळे सध्या तरी तुमच्या मेनचा हेवा वाटतो.

अभय, माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मुलगी ओरोनोला युनिव्हर्सिटी ऑफ मेनमध्ये शिकते. तिचा फोन माझ्या भावाच्या फॅमिली प्लॅनवर आहे, तो न्यू जर्सीत राहतो, बिल त्याच्याकडे येतं. वसतिगृहात वायफाय युनिव्हर्सिटीचं. तिला मेनचा कायदा लागू होतो का?

अभय_ल्युइस्टन

प्राचीताई, फोनच्या बाबतीत बहुधा नाही. आमचा कायदा अशा ग्राहकांसाठी आहे जे प्रत्यक्ष मेनमध्ये आहेत आणि ज्यांना मेनमध्ये मिळालेल्या सेवेचं बिल इथे लावलं जातं. दोन्ही अटी हव्यात. तिचं बिल मामाकडे जातं, म्हणून माझ्या वाचनाप्रमाणे ती न्यू जर्सीच्या नियमांत राहते, म्हणजे बटणं चालू असणार आणि बंद करावी लागणार. वसतिगृहाच्या वायफायचं धोरण युनिव्हर्सिटीचं, ते तिथल्या आयटी विभागाला विचारावं लागेल.

सोपा उपाय दोन प्रकारे आहे. एक, तिने इथे स्वतःच्या नावावर फोन घ्यावा. एकट्याचा प्लॅन फॅमिली प्लॅनपेक्षा थोडा महाग पडतो. नाहीतर तुमच्या भावाला खात्यात जायला सांगा. फॅमिली प्लॅनमध्ये बऱ्याच कंपन्यांत ही निवड खात्याला एकदाच लागत नाही, प्रत्येक नंबरला वेगळी असते. भावाने स्वतःच्या नंबरची बंद केली म्हणजे भाचीची झाली असं धरू नका. नंबरांची यादी उघडून एकेकावर जायचं. खातेदार तोच असल्याने हे त्यालाच करता येईल. सावनी, तुमच्याकडेही सासूबाईंचा नंबर नवऱ्याच्या प्लॅनवर असेल तर हेच लागू.